मतपेटीतली कोंबडी, बाजारातले अंडे



मी व्याख्यानाचा विषय कळवला, तेव्हा संयोजकांचा जरा बिचकतच फोन आला. “सर, आपल्या श्रोत्यांत निम्मे लोक शाकाहारी असतात. कोंबडी, अंडी... चालेल ना?” मी म्हटले, चालेल. दूध पिणाऱ्या प्रत्येकाचा या विषयाशी संबंध येतो, आणि आपल्याकडचा शाकाहारी माणूस दूध जरा जास्तच पितो. तेव्हा कोणी मध्येच उठून जाऊ नये.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी उभे आयुष्य ग्राहक चळवळीत घातले. त्यामुळे इथे वजनमापे, भेसळ, विमा, बिल्डर असे विषय येत आले. त्या सगळ्या प्रकरणांत ग्राहक नाडला गेलेला असतो. आजच्या प्रकरणात नाडला जाणारा तिसराच आहे: जनावर. त्याला ग्राहक आयोगाची पायरी चढता येत नाही, आणि ग्राहक पुष्कळदा त्याच्या विरुद्ध बाजूला उभा असतो.

सुरुवात कॅलिफोर्नियापासून करतो, कारण ताटातले अन्न देणारे जनावर कसे जगते याची ग्राहकाला पर्वा असते का, या प्रश्नाची परीक्षा तिथे जवळजवळ प्रयोगशाळेत व्हावी तशी झाली. 4 नोव्हेंबर 2008 या दिवशी अमेरिकेने बराक ओबामांना निवडून दिले. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर त्याच दिवशी आणखी एक प्रश्न होता, ‘प्रस्ताव क्रमांक 2’. अंडी देणारी कोंबडी, मांसासाठी वाढवलेले वासरू आणि गाभण डुकरीण यांना उभे राहता, बसता, वळता आणि अवयव पसरता येतील एवढी जागा कायद्याने सक्तीची करावी का? 63 टक्क्यांहून जास्त मतदारांनी ‘करावी’ असे सांगितले. त्या वेळी पिंजऱ्यातल्या कोंबडीला जागा किती मिळत होती? अमेरिकी अंडी उत्पादकांच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत 67 चौरस इंच, म्हणजे साधारण 430 चौरस सेंटिमीटर. झेरॉक्सचा ए-फोर कागद 620 चौरस सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. त्या कागदाचा तिसरा हिस्सा कापून टाका. उरेल तेवढ्यावर कोंबडीचे आयुष्य.

आता त्याच राज्यातले दुकान पाहू. पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची अंडी तिथे मांडणीवर होतीच, शेजारीच ठेवलेली, थोडी महाग. कोणाला कोंबडीला पिंजऱ्यातून सोडवायचे असेल तर मतदानाची वाट पाहायचे कारण नव्हते, हात लांब केला की झाले. पण एकूण खपात या अंड्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. मतदानकेंद्रात शंभरातले त्रेसष्ट कोंबडीच्या बाजूचे, दुकानात शंभरातले दहाही नाहीत. माणसे तीच, फक्त जागा बदलली.

जेसन लस्क आणि बेली नॉरवूड या दोन कृषी अर्थशास्त्रज्ञांनी या तफावतीचा पिच्छा पुरवला. 2011 मध्ये त्यांचे एक जाडजूड पुस्तक आले, त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘करुणा, पौंडाच्या भावाने’. पुढेही त्यांचे काम चालू राहिले. लोक मत द्यायला तयार असतात, पैसे द्यायला तयार नसतात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसले. युरोपातही चित्र तसेच. युरोपीय संघाने 2015 च्या अखेरीस घेतलेल्या लोकमत पाहणीत 94 टक्के लोकांनी शेतावरच्या जनावरांचे संरक्षण महत्त्वाचे आहे असे सांगितले. जास्त किंमत देण्याची तयारी विचारल्यावर हा आकडा 59 वर आला. त्यातही मोठा गट म्हणत होता की पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको.

या तफावतीवर सगळ्यात सोपा शेरा ‘ढोंग’ हा आहे. मला तो पटत नाही. सोसायटीच्या गच्चीला गळती लागली की एकटा सभासद स्वतःच्या खर्चाने डांबर लावायला जात नाही. पण सभेत वर्गणीचा ठराव मांडला की हात वर होतात, एरवी कुरकुरणाऱ्याचाही. सभासद ढोंगी नसतो. आपल्या एकट्याच्या पैशाने गच्ची कोरडी होणार नाही आणि शेजारी फुकटात सुटेल, एवढे त्याला कळत असते. कॅलिफोर्नियाचा ग्राहक दुकानात एकटा होता. माझ्या एका डझनाने पिंजरा रिकामा होत नाही, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. मतपेटीपाशी तो सगळ्यांबरोबर होता.

पुढे काय झाले ते या हिशेबाला धरूनच झाले. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाने ‘प्रस्ताव क्रमांक 12’ जवळपास तेवढ्याच बहुमताने मंजूर केला. या वेळी जागा चौरस फुटात मोजून दिली, 2022 पासून कोंबडीचा पिंजराच बंद केला आणि नियमात न बसणारा माल दुसऱ्या राज्यातून आणून विकायलाही मनाई केली. डुकरांचे उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 मे 2023 रोजी न्यायालयाने विभागलेल्या निकालात कायदा कायम ठेवला. कॅलिफोर्नियात डुकराच्या मांसाची कोणती फोड विकावी हा प्रश्न संविधानाने न्यायाधीशांकडे सोपवलेला नाही, अशा आशयाचे वाक्य न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिले आहे. दरम्यान मोठ्या खरेदीदारांनीही माना डोलावल्या. मॅक्डोनल्ड्सने 2015 मध्ये दहा वर्षांची मुदत स्वतःला घालून घेतली आणि अमेरिकेतली खरेदी मुदतीआधीच पिंजरामुक्त केली. आज अमेरिकेतल्या अंड्यांच्या कोंबड्यांपैकी शंभरात चाळीसहून जास्त पिंजऱ्याबाहेर आहेत. हा बदल लाखो गिऱ्हाइकांच्या मनःपरिवर्तनाने घडला असे सांगणारी एक गोड कथा अधूनमधून वाचायला मिळते. तो कायद्याने आणि ठोक खरेदीच्या करारांनी घडला. गिऱ्हाइकाने त्याला आडकाठी केली नाही, हे त्याचे योगदान.

भाव कडाडले तेव्हा मात्र सरकारांचे पाय लटपटले. बर्ड फ्लूने कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि मार्च 2025 मध्ये अमेरिकेत डझन अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला. त्याच्या आधीच्या महिन्यात नेवाडा राज्याने आपला पिंजराबंदीचा कायदा काही काळ स्थगित केला. जुलैत तर केंद्र सरकारनेच कॅलिफोर्नियावर अंड्यांच्या भावावरून दावा लावला. आणि मतदार नेहमी उदारच असतो असेही नाही. स्वित्झर्लंडने इतर युरोपच्या वीस वर्षे आधी कोंबड्यांचे पिंजरे बंद केले होते, पण 2022 मध्ये औद्योगिक पशुपालनच थांबवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा 62 टक्क्यांहून जास्त स्विस मतदारांनी तो फेटाळला. वर्गणीचा आकडा फार मोठा झाला की सभेतले हातही खाली येतात.

इथे क्षणभर ग्राहकाला बाजूला ठेवून कोंबडीकडे वळू. या सगळ्या भानगडीची सुरुवात एका पुस्तकाने झाली. रूथ हॅरिसन या ब्रिटिश बाईंचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक 1964 मध्ये आले. प्रस्तावना अमेरिकी निसर्गलेखिका रेचल कार्सन यांची होती. बाई स्वतः शाकाहारी, म्हणजे ज्या मांसाबद्दल लिहीत होत्या त्याच्या गिऱ्हाईकच नव्हत्या. पुस्तकाने एवढी खळबळ उडाली की सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमावी लागली. डिसेंबर 1965 च्या अहवालात समितीने म्हटले, जनावराला निदान उभे राहता, खाली बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. मागणी किती लहान आहे बघा! त्यातूनच पुढे 1979 मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ तयार झाली: भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भय यांपासून मुक्तता आणि आपल्या जातीप्रमाणे वागण्याची मोकळीक.

याच समितीची एक गंमत मला फार आवडते. पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी नको, कोंबडीच्या पायांना ती त्रासदायक, जाड तारेची जाळी वापरा, असे समितीने मोठ्या कळकळीने सुचवले होते. काही वर्षांनी ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांसमोर दोन्ही जाळ्या ठेवल्या. कोंबड्यांनी पसंती दिली ती बारीक षट्कोनी जाळीला. सज्जनांची समिती चुकली होती, कारण कोंबडीला कोणी विचारलेच नव्हते. मग विचारण्याचे शास्त्रच तयार झाले. ऑक्सफर्डच्या मेरियन स्टॅम्प डॉकिन्स यांनी कोंबड्यांपुढे पिंजरा आणि बाहेरचे गवत असे दोन रस्ते ठेवले. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या आधी सवयीने पिंजऱ्याकडेच गेल्या, बाहेरची चव कळल्यावर मात्र बाहेर रमल्या. अंडे घालण्याच्या आधी आडोसा शोधणे, धुळीत लोळणे, रात्री उंचावर बसणे या गोष्टींसाठी कोंबडी किती धडपडते तेही मोजून झाले आहे. आपल्याकडे घरामागे खुराडे असलेल्या कोणत्याही आजीने हे न मोजता सांगितले असते. पण आजीचे म्हणणे कायद्याच्या मसुद्यात लिहिता येत नाही, चौरस सेंटिमीटर लिहिता येतात.

ग्राहकाच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळीच कोंबडी असते, डब्यावरच्या चित्रातली. हिरवे कुरण, मागे लाल कौलांचे घर. मोकळी कोंबडी म्हणजे सुखी कोंबडी. प्रत्यक्षात मोकळ्या कोंबडीला मुंगूस आहे, घार आहे, मानमोडीची साथ आहे. हजारो कोंबड्या एका मोठ्या शेडमध्ये सोडल्या की त्या एकमेकींना टोचून जखमी करतात, आणि मचाणांवरून उड्या मारताना छातीचे हाड मोडण्याचे प्रमाणही मोठे असते. पिंजरा वाईट, हे माझे मत यामुळे बदलत नाही. पण पिंजरा काढला की काम संपले असे समजणारा ग्राहक चित्र विकत घेतो. पाळणाऱ्याचे कसब, जात कोणती, गर्दी किती, अंथरलेले तूस कोरडे आहे का, हे त्या चित्रात दिसत नाही.

आता आपल्याकडे येऊ. ती ‘पाच स्वातंत्र्ये’ भारतीय कायद्यात कशी आली माहीत आहे? बैलांच्या शर्यतींमुळे. 7 मे 2014 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती बंद केल्या, तेव्हा न्यायालयाने याच पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी दिली. तारखा पाहा. कॅलिफोर्नियाचा डुकरांचा निकाल आणि आपला बैलांचा निकाल यांत एकाच आठवड्याचे अंतर. महाराष्ट्रभर त्या दिवशी गुलाल उधळला गेला, वाद झाले, चर्चा रंगल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने अंड्यांच्या कोंबड्यांसाठी नियम केले. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 269 व्या अहवालात पिंजऱ्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले होते, तरी या नियमांनी पिंजरा ठेवला आणि कोंबडीमागे 550 चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. हे 550 म्हणजे युरोपने वापरून, अपुरे ठरवून 2012 मध्ये बाद केलेला आकडा. त्यावर मराठीत वाद झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. शर्यतीचा बैल हजारांनी, पिंजऱ्यातली कोंबडी कोट्यांनी. पण बैलाला नाव असते, पोळ्याला त्याची शिंगे रंगवतात.

आपल्या ग्राहकाला जनावराची पर्वा नाही असे म्हणायची माझी तयारी नाही. भूतदया हा शब्द आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेला नाही. पण खाण्याच्या बाबतीत आपली चौकशी एका ठिकाणी थांबते. 2001 पासून आपल्या देशात पाकीटबंद खाद्यपदार्थांवर हिरवी किंवा तपकिरी खूण सक्तीची आहे. बिस्किटात अंड्याचा अंश आहे का, हे आपण पाकीट उलटून बघतो. ती खूण सांगते की या पदार्थात प्राणी आहे की नाही. प्राणी जगला कसा, हे ती सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही. अंड्याच्या पदार्थाला तपकिरी खूण, दुधाच्या पदार्थाला हिरवी. मग ती म्हैस तबेल्यात आखूड दाव्याला वर्षानुवर्षे बांधलेली असो, तिचे पारडू नर म्हणून उपासमारीने गेलेले असो, पान्हा सोडवायला तिला रोज इंजेक्शन टोचलेले असो, खूण हिरवीच. त्या इंजेक्शनविरुद्ध आपल्याकडे ओरड झाली, नाही असे नाही. पण ओरड कशाची होती? ते आमच्या मुलांच्या पोटात जाते याची. म्हशीला त्याने रोज काय होते, हा मुद्दा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही क्वचित यायचा. ऑगस्ट 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधाच्या पिशवीवरचा ‘ए-टू’, म्हणजे पचायला चांगले म्हणून खपणारे दूध, हा दावा काढायला सांगितला आणि चार-पाच दिवसांत आदेश मागे घेतला. तिथेही भांडण आपल्याच पचनाचे होते. आपली नजर ताटावरून पोटाकडे जाते, गोठ्याकडे जात नाही.

आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आपले लाडके गावरान अंडे.

पुण्यामुंबईत गावरान अंड्याला साध्या अंड्याच्या दुप्पट भाव सहज मिळतो. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ग्राहकाने जे केले नाही ते आपला ग्राहक रोज करतो, मुकाट्याने जास्त पैसे मोजतो. कशासाठी? चव, ताकद, बाळंतिणीला चांगले, सर्दीला चांगले, ‘त्यात इंजेक्शन नसते’. कोंबडी उकिरड्यावर मोकळी फिरली म्हणून दुप्पट देतो असे सांगणारे गिऱ्हाईक मला भेटलेले नाही. तसे असेना का, म्हणाल. हेतू पोटाचा असला तरी फायदा कोंबडीला होतोच ना? इथेच गोची आहे. खरी गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मध्येच खुडूक बसते आणि अंडी उबवायचा हट्ट धरते. संकरित लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या वर देते आणि तिच्या रक्तातून खुडूक बसणे काढूनच टाकलेले असते. शहरात रोज येणारी ‘गावरान’ अंडी पहिल्या जातीच्या कोंबड्यांनी पुरवायची म्हटली तर गावोगावची खुराडी पुरणार नाहीत. मग गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती येतात, तपकिरी अंड्यांच्या लेअर येतात. त्यात गैर काही नाही, परसात पाळायला यांतल्या काही जाती उत्तम आहेत. पण अंड्याचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवर, तिच्या जगण्यावर नाही. तपकिरी अंडे पिंजऱ्यातलेही असू शकते. आणि ‘गावरान’ या शब्दामागे जागेचे कोणतेही माप उभे नाही. तुम्ही दिलेल्या जादा पैशांतला एक रुपया तरी कोंबडीच्या पायाखालच्या जमिनीवर खर्च झाला का, हे कळायला मार्ग नाही.

युरोपात 2004 पासून अंड्याच्या टरफलावरच आकडा छापलेला असतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर मोकळी, दोन म्हणजे शेडमध्ये मोकळी, तीन म्हणजे पिंजरा. अनाडी माणसालाही कळेल. ब्रिटनमध्ये काही मोठ्या दुकानांनी तीन नंबरची अंडी ठेवणेच बंद केले, आणि आज तिथली निम्म्याहून जास्त अंडी बाहेर सोडलेल्या कोंबड्यांची असतात. या आकड्यालाही पळवाट आहेच. केक, मेयॉनेज, पास्ता यांत गेलेल्या अंड्याचा आकडा टरफलाबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून पिंजऱ्यातली अंडी तिकडे वळतात. तरीही दुकानातल्या ग्राहकाशी तो आकडा खोटे बोलत नाही.

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. अंडे महाग करून गरिबाच्या तोंडचा घास काढायचा का? पुण्यात 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. तिचे संस्थापक बी. व्ही. राव यांच्याच पुढाकाराने 1982 मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. दलालांनी भाव पाडून लहान पोल्ट्रीवाल्याला बुडवू नये म्हणून ही कमिटी रोज शेकड्याचा दर जाहीर करू लागली. तिने जाहिराती केल्या आणि अंडे घरोघर पोचवले. हे काम मोठे आहे. स्वस्त अंडे हे या देशातल्या मुलांचे सगळ्यात सोपे प्रथिन आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे बंद केले. अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या राज्यात शाळकरी पोराच्या आठवड्याच्या एका अंड्याचे पैसे सरकारला जड होतात, तिथे सगळ्यांचेच अंडे महाग करा असे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. कोणी सांगितलेच तर त्याने आधी त्या पोराकडे बघावे.

पण दुप्पट पैसे देणारा ग्राहक तर आत्ताच देतो आहे. त्याच्याकडून नवे काही काढायचे नाही. त्याने जे दिले आहे त्याची पावती कोंबडीच्या नावाने फाडली जावी, एवढेच करायचे आहे. आणि ते एकेकट्याने दुकानदाराशी हुज्जत घालून होणार नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिले. एकत्र खरेदीची रीत आपल्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीतून 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. घरे एकत्र करून संघ करायचे, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल पारखून ठोक घ्यायचा, हे तिने मध्यमवर्गीय मराठी घरांना शिकवले. पन्नास घरांनी मिळून एका पोल्ट्रीवाल्याला सांगितले की आम्ही वर्षभर तुझी अंडी घेऊ, पण शेड बघायला येऊ आणि दर चौरस फुटाला किती पक्षी ते लिहून दे, तर तो लिहून देईल. त्याला बांधील गिऱ्हाईक हवेच असते, रोजच्या दराच्या चढउताराने तोही पिचलेला आहे. वसतिगृहे, बेकऱ्या, उपाहारगृहे यांना हेच सांगता येईल. तिथे अंडी ट्रेच्या हिशेबाने जातात, आणि ग्राहकाला टरफल दिसतही नाही.

या सभागृहात ग्राहक संघटनांचे पदाधिकारी बसले आहेत. भेसळीच्या प्रश्नावर तुम्ही सरकारला अनेकदा हलवले आहे. माझी तुम्हाला विनंती आहे की या वर्षीच्या तुमच्या मागण्यांत आणखी एक घाला, आणि ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे लेखी पाठवा: ज्या डब्यावर ‘गावरान’ किंवा ‘फ्री रेंज’ छापायचे आहे, त्या डब्यावर कोंबडी किती जागेत राहिली आणि बाहेर सोडली होती की नाही, हेही त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेले असावे.